टाचणीच्या डोक्याएवढं दुखणं



दुपारची भांडी आवरून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी बांधावरच्या झाडाखाली मोबाइलवर ऐकत असाल, कुणी शिलाई मशीन चालवता चालवता. आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात आज आम्ही चौघी बोलणार आहोत. विषय आहे नखाखाली होणारी एक गाठ. ती असते केवढी, तर ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी त्याहूनही बारीक. ती कॅन्सरची नसते. तिच्याने जीव जात नाही. पण तिच्यापायी आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी सात वर्षं दुखण्यात काढली. त्यांना विचारूनच आम्ही ही हकिगत सांगतोय. त्यांचं नाव घेणार नाही, दवाखान्यांचीही नावं घेणार नाही. मात्र या सात वर्षांत आम्ही मैत्रिणी कशा वागलो, ते लपवणार नाही.

ताई ब्लाउज शिवतात. गावात निम्म्या बायकांची मापं त्यांच्या वहीत आहेत. दुखणं सुरू झालं ते एका हिवाळ्यात. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं. कळशी भरताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखात अशी कळ गेली, की कळशी हातातून सुटली. ताईंना वाटलं, काटा गेला असेल. चुलीपाशी बसून नख निरखून पाहिलं. काटा नव्हता, सूज नव्हती, पू नव्हता. गरम चहाच्या पेल्याला बोट लावून धरलं तेव्हा कुठे बरं वाटलं.

मग हे रोजचंच झालं. गार पाण्यात हात घातला की कळ. कापड मशीनच्या सुईखाली सरकवताना नख टेकलं की कळ थेट दंडापर्यंत. रात्री पांघरुणाचा काठ लागला तरी जाग. उन्हाळ्यात जरा उसंत मिळायची, दिवाळी सरली की पुन्हा तेच.

सासूबाईंनी नखुरडं असेल म्हणून लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालायला सांगितलं. आपल्याकडे घरोघरी हाच उपाय. त्याने काही झालं नाही. मग हळदीचा लेप झाला. मग पहिले डॉक्टर, त्यांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी नख काढलं. नवीन नख आलं, त्याखाली दुखणं होतं तसंच. तिसऱ्या ठिकाणी बोटाचा एक्स-रे काढला. हाड ठीक आहे म्हणाले. चौथ्या ठिकाणी मानेची नस दबल्याचं सांगितलं आणि गळ्यात पट्टा आला. ताई पट्टा लावून मशीनवर बसायच्या. पाचव्या ठिकाणी झोपेची गोळी मिळाली आणि सांगितलं, “मनाला लावून घेऊ नका, विचार कमी करा.”

घरी परतल्यावर काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. एक्स-रे चांगला आला म्हणजे दुखणं खोटं, असा सगळ्यांनी अर्थ काढला. “भांडी पडली की हिचं बोट दुखतं,” हे वाक्य त्या घरात रुळलं.

आता आमचं सांगतो. एकदा बैठकीनंतर चहाचे पेले धुवायचे होते. ताई पदरात हात गुंडाळून बाजूला बसल्या होत्या. आमच्यातली एक म्हणाली, “एका बोटाचं केवढं कौतुक!” आम्ही सगळ्या हसलो. ताईसुद्धा हसल्या. त्यानंतर त्यांनी त्या बोटाबद्दल आमच्याजवळ चकार शब्द काढला नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं असेल. आम्ही आरोग्यावर कार्यक्रम करणाऱ्या बायका, तरीही आम्हाला वाटलं, बरं झालं असेल.

निदान झालं ते अचानक. ताई मुलीच्या अंगावरच्या गजकर्णासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात गेल्या होत्या. त्वचेच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मुलीचा केसपेपर पुढे करताना ताईंनी मधलं बोट बाजूला उचलून धरलं होतं. बाईंच्या ते नजरेत आलं.

“बोटाला काय झालंय, ताई?”

“काही नाही. जुनंच आहे.”

“नेमकं कुठे दुखतं? दुसऱ्या हाताच्या एका बोटाने दाखवा.”

ताईंनी नखाच्या मुळाशी एक जागा दाखवली.

“गार पाण्याने वाढतं का?”

ताई सांगतात, हा प्रश्न ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सात वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, “टाचणी आहे का तुमच्याकडे?” शिवणकाम करणारीच्या पिशवीत टाचण्यांना काय तोटा! ताईंनी मण्याच्या डोक्याची टाचणी काढून दिली. बाईंनी टोकाची बाजू आपल्या चिमटीत धरली आणि मण्याची बाजू नखावर हलकेच दाबत नेली. इथे दुखतं का? नाही. इथे? नाही. इथे? नाही. आणि मग मुळाजवळच्या त्या एका जागी मणी टेकला, तशी ताईंनी किंकाळी फोडून हात मागे ओढला. तिथून दोन दाणे अंतरावर मणी टेकवला, तर काहीच नाही.

पुढची तपासणी रक्तदाब मोजायच्या यंत्राने झाली. हात वर धरायला लावला, दंडाला पट्टा बांधून त्यात हवा भरली, म्हणजे हातातला रक्ताचा ओघ थोडा वेळ थांबला. आता त्याच जागी टाचणीचा मणी दाबला. दुखलं नाही. हवा सोडली, रक्त परत आलं, आणि त्याबरोबर कळही परत आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ताई, तुमचं दुखणं मनात नाही, नखाखाली आहे. याला ग्लोमस ट्यूमर म्हणतात. काढता येतो.”

जे हत्यार लागलं ते सात वर्षं ताईंच्याच डब्यात होतं. हा विचार आमच्या डोक्यातून अजून जात नाही.

तर आता हे ग्लोमस काय आहे, ते समजून घेऊ.

आपल्या शेतात पाट असतो. पाटाला दारं असतात. एका वाफ्याला पाणी नको असेल तर आपण दार मोडतो आणि पाणी थेट पुढे काढून देतो. आपल्या कातडीतही अशी बारीक दारं आहेत. एरवी रक्त शुद्ध रक्तवाहिनीतून केसासारख्या सूक्ष्म नळ्यांमध्ये जातं आणि तिथून अशुद्ध रक्तवाहिनीत येतं. पण काही ठिकाणी या दोन वाहिन्यांना जोडणारी आडवाट असते. ती उघडली की कातडीपाशी जास्त रक्त येतं आणि उष्णता बाहेर जाते. मिटली की उष्णता आत राहते. म्हणजे अंगाचं ऊबगारपण सांभाळायची ही सोय. या आडवाटेभोवती पेशींचा आणि नसांचा जो गुंता असतो, तो ग्लोमस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच सुताचा गुंडा असा आहे. हे गुंडे बोटांच्या टोकांत आणि नखांखाली दाटीने असतात.

या गुंड्यातल्या पेशी कधी कधी गरजेपेक्षा जास्त वाढतात. त्यांची गाठ होते. तो ग्लोमस ट्यूमर. ट्यूमर म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण ट्यूमर म्हणजे नुसती वाढ. प्रत्येक ट्यूमर कॅन्सर नसतो. ही गाठ जवळजवळ नेहमी साधीच असते. कॅन्सरची निघणं अतिशय विरळ.

मग साधी गाठ एवढी का दुखते? एक तर तिच्यात नसांची बारीक टोकं असतात. दुसरं म्हणजे जागा. नखाखाली मोकळी जागा कुठे आहे? वर टणक नख, खाली हाड, मधल्या चिमूटभर जागेत ही गाठ अडकून बसलेली. पोटावर किंवा पाठीवर चरबीची लिंबाएवढी गाठ असली तरी बाई वर्षानुवर्षं विसरून जाते. इथे चार मिलिमीटरची गाठ झोपू देत नाही. दुखणं किती मोठं, ते गाठीच्या आकारावरून ठरत नाही, हे मैत्रिणींनो, पक्कं ध्यानात ठेवा.

या गाठीच्या तीन खुणा आहेत. एक, मधूनमधून येणारी तीव्र कळ. दोन, एका ठरावीक जागी, अगदी टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी, हात लावू न देणारं दुखणं. तीन, गारव्याने वाढणं. तिन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांच्या मनात हे नाव यायला हवं. कधी कधी नखातून निळसर किंवा जांभळट ठिपका दिसतो. कधी नखावर उभी रेघ उमटते, कधी टोकाला नख चिरतं. ताईंच्या नखावर अशी रेघ होती. सगळ्यांनी पाहिली होती, पण मशीनची सुई लागली असेल म्हणून सोडून दिली होती.

वैद्यकशास्त्रालाही या गाठीचं कोडं उलगडायला वेळ लागलाय. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात विल्यम वुड नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी 1812 साली कातडीखालच्या या दुखऱ्या गाठींविषयी लिहिलं. पण गाठ नेमकी कशाची बनते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी 1924 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली. ताईंवर झालेली ती टाचणीची तपासणी अमेरिकेतल्या लव्ह नावाच्या डॉक्टरांनी 1944 साली सांगितली, आणि दंडाला पट्टा बांधायची तपासणी हिल्ड्रेथ नावाच्या डॉक्टरांनी 1970 साली. त्या डॉक्टरांच्या नावानेच आजही या खुणा ओळखल्या जातात. बघा, टाचणी, बर्फाचा खडा आणि रक्तदाबाचं यंत्र. यातलं कुठलं साधन तालुक्याच्या दवाखान्यात नाही?

मग निदानाला एवढी वर्षं का लागतात? ताईंची सात वर्षं ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण या गाठीच्या बाबतीत वर्षानुवर्षं निदान न होणं ही जगभरची तक्रार आहे. कारणं अनेक आहेत.

पहिलं, ही गाठ विरळ आहे. हाताच्या मऊ भागात ज्या गाठी होतात, त्यात शंभरात एक ते पाच या जातीच्या. एखाद्या डॉक्टरने कितीतरी वर्षांत एकही पाहिलेली नसते. जे कधी पाहिलं नाही, ते चटकन आठवत नाही.

दुसरं, ती दिसत नाही. बहुतेक वेळा सूज नाही, लाली नाही. एक्स-रेमध्ये मऊ गाठ उमटत नाही. जुनी गाठ असेल तर हाडावर दाब पडून छोटी खळगी दिसू शकते, पण तीही प्रत्येकात नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला याचा अर्थ एवढाच, की हाड चांगलं आहे. दुखत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरं, कळ वर चढते. दंडापर्यंत, खांद्यापर्यंत जाते. मग आपण डॉक्टरांना सांगतो, “हात दुखतो.” हात म्हटलं की मानेचा एक्स-रे होतो.

आणि चौथं कारण. नखाखालच्या या गाठी बायकांमध्ये जास्त आढळतात, बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या वयात. म्हणजे गार पाण्यात सर्वांत जास्त हात असतात त्या वयात. या वयाची बाई “दुखतं” म्हणाली, आणि दिसलं काहीच नाही, तर काय बोललं जातं? कामाचा कंटाळा, मनाचा त्रास, अंगात आळस. डॉक्टर वेगळ्या शब्दांत बोलतात, घरचे वेगळ्या, आणि आम्ही मैत्रिणींनी हसून तेच म्हटलं. मनाचं दुखणं हेही खरंच दुखणं असतं, त्यालाही उपचार लागतो. पण बोटाची नीट तपासणी न करताच ते मनावर ढकलणं म्हणजे दार न उघडता घर रिकामं आहे म्हणण्यासारखं.

आता ताईंचं पुढे काय झालं ते ऐका. शंका पक्की करायला त्यांच्या बोटाचं एमआरआय केलं. त्यात नखाच्या मुळाशी चार मिलिमीटरचा ठिपका उजळ दिसला. सोनोग्राफीतही अशी गाठ दिसू शकते, मात्र ती बोटाची सोनोग्राफी करण्यात सराव असलेल्या माणसाने करायला हवी. फार बारीक गाठ या दोन्ही तपासण्यांतून सुटू शकते. म्हणून टाचणीची खूण स्पष्ट असेल तर केवळ छायाचित्रात काही आलं नाही म्हणून विषय संपत नाही.

उपाय एकच, गाठ काढून टाकणं. गोळ्यांनी ती विरघळत नाही, लेपाने जात नाही. ताईंचं फक्त बोट बधिर केलं. बोटाच्या मुळाशी पट्टा आवळून रक्त थांबवलं, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. नख उचललं, त्याखालच्या मऊ थराला छेद देऊन गाठ अख्खी सोडवून काढली आणि बारीक टाके घातले. ताई जाग्याच होत्या. त्यांनी गाठ दाखवा म्हटलं. बाईंनी कापसावर ठेवून दाखवली. मोत्याएवढा गुलबट दाणा. ताई म्हणाल्या, “एवढीशी?” आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

काढलेली गाठ तपासायला पाठवली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच शेवटचं शिक्कामोर्तब होतं. अहवालात तेच नाव आलं, साधी गाठ, कॅन्सर नाही. नख पूर्ण वाढून यायला सहा महिने लागले. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, तेव्हा एवढा धीर धरावाच लागतो. नख किंचित वाकडं येऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली होती. गाठीचा अंश मागे राहिला तर कळ पुन्हा सुरू होते. तसं झालं तर गप्प बसायचं नाही, परत यायचं.

मैत्रिणींनो, ग्लोमसच्या निमित्ताने कातडीच्या दुसऱ्या दोन विरळ, साध्या गाठींबद्दलही सांगून ठेवतो. कारण त्यांचंही निदान असंच चुकतं.

लहान मुलाच्या गालावर, मानेवर किंवा दंडावर कातडीखाली खड्यासारखी कडक गाठ लागते. दाबली तर दगड, वरची कातडी कधी निळसर. याला पायलोमॅट्रिकोमा म्हणतात. केसाच्या मुळातल्या पेशींपासून ती होते आणि तिच्यात चुन्यासारखे क्षार साठतात, म्हणून एवढी कडक. लोक तिला चरबीची गाठ म्हणतात किंवा कॅन्सर समजून घाबरतात. ती साधी असते, छोट्या शस्त्रक्रियेने निघते.

दुसरी गोष्ट बायकांसाठी फार महत्त्वाची. दंडावर, पाठीवर किंवा पायावर तांबूस-तपकिरी बारीक गाठींचा पुंजका, गारव्याने किंवा हात लागला की दुखणारा. कातडीतल्या स्नायूंच्या या गाठी असतात, त्यांना लिओमायोमा म्हणतात. गाठी साध्याच. पण अशा अनेक गाठी असलेल्या बाईला लहान वयात गर्भाशयातही गाठी झाल्या असतील, किंवा घरात आई, मावशी, बहीण यांना तसंच असेल, तर ते आनुवंशिक असू शकतं. अशा काही घराण्यांत मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडे गेलात तर गर्भाशयाच्या गाठींचं सांगा, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे गेलात तर कातडीवरच्या गाठी दाखवा. आपण दोन दवाखान्यांत दोन वेगवेगळी दुखणी सांगतो, आणि त्यांचा धागा कुणाच्याच हाती लागत नाही. तसंच ग्लोमसच्या गाठी एकापेक्षा जास्त बोटांत असतील आणि अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे बरेच डाग असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा. तोही एका आनुवंशिक आजाराचा भाग असू शकतो.

आता ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या बोटात कळ येते, त्या म्हणतील, आम्ही काय करायचं? पाच गोष्टी सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, किंवा लेकीला लिहून घ्यायला सांगा.

एक. दुखणं एका बोटाने दाखवता येतं का, ते पाहा. “हात दुखतो” म्हणू नका. “या नखाच्या या कोपऱ्यात दुखतं” म्हणा.

दोन. कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं, ते लिहा. गार पाणी, थंडी, धक्का, नुसता स्पर्श. शेकल्याने बरं वाटतं का?

तीन. केव्हापासून आहे आणि आतापर्यंत काय काय केलं, ते क्रमाने लिहा. जुने कागद, जुने एक्स-रे फेकू नका. एका पिशवीत ठेवा आणि पिशवी घेऊन जा.

चार. दोन्ही हातांची नखं उजेडात शेजारी धरून पाहा. रंगात, आकारात फरक आहे का? जाताना नेलपॉलिश आणि मेंदी लावू नका. नखाचा रंगच झाकला तर डॉक्टर बघणार काय?

पाच. डॉक्टरांना सरळ विचारा, “नखाखाली गाठ असेल का?” विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. समजा त्यांना उमगलं नाही, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचेचा, हाडांचा किंवा शस्त्रक्रियेचा विभाग गाठा.

आणि काय करू नका, तेही ऐका. टाचणीची तपासणी वाटते सोपी, पण घरी टोचाटोची करून निदान ठरवू नका. बोटाला दोरा आवळून रक्त थांबवून पाहू नका. कुठल्याही गाठीला चुना, क्षार लावून जाळू नका, केस बांधून तोडू नका, ब्लेडने खरडू नका. साधी गाठ चिघळते, आणि ती साधी नसेल तर जास्तच घोटाळा होतो. कुठेही, कुणीही अंगावरची गाठ काढली तर काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा, हा नियम समजा. अहवाल हातात आल्याशिवाय गाठ साधी होती असं धरायचं नाही.

काही खुणा दिसल्या तर थांबूच नका. नखाखाली नव्याने आलेला काळा पट्टा, रुंद होत जाणारा. भरून न येणारी जखम. भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ. रंग, आकार बदलणारा तीळ. या खुणा कॅन्सरच्या असू शकतात. तिथे दुखत नाही म्हणून बरं आहे, असं समजू नका. आत्ताच तर आपण ऐकलं, दुखणारी गाठ साधी निघाली. न दुखणारी गाठ साधीच असेल असं नाही.

ज्यांच्या घरात कुणी “दुखतं” म्हणतंय, त्यांनाही सांगणं आहे. सासवांनो, नवऱ्यांनो, लेकींनो, आणि आमच्यासारख्या मैत्रिणींनो, दिसत नाही म्हणून हसू नका. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, गार पाण्याने वाढतं का, एवढंच विचारा. डॉक्टर नसलेल्या माणसालाही हे विचारता येतं. आम्ही सात वर्षांपूर्वी एवढं विचारलं असतं, तर ताईंचं नख उगाच निघालं नसतं, गळ्यात पट्टा आला नसता.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही चौघी ताईंच्या घरी गेलो आणि त्या दिवशीच्या हसण्याबद्दल माफी मागितली. ताई म्हणाल्या, “मला तर आठवतही नाही.” आठवत असणार, हे आम्हाला माहीत आहे. सासूबाई आतून गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आता हिला पाणी तापवून देते. पण ही म्हणते, नको, गारच बरं.”

गेल्या पौषातल्या बैठकीत चहा झाल्यावर ताई स्वतःहून उठल्या आणि सगळे पेले नळाखाली घेऊन बसल्या. आम्ही नको नको म्हणत होतो. त्यांनी दोन्ही हात गार पाण्यात मनगटापर्यंत बुडवले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. मग पेले घासायला घेतले.

मैत्रिणींनो, आज इथेच थांबतो. बोटाच्या कळेबद्दल किंवा अंगावरच्या गाठीबद्दल तुम्हाला काही विचारायचं असेल तर पत्र पाठवा, रेडिओच्या खोलीत येऊन भेटा. लाजू नका. पुढच्या वेळी तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला डॉक्टरांनाच घेऊन बसू. तोवर हातांची काळजी घ्या.

नमस्कार.